ते ऐकत होते, सांगत नव्हते

माझा राग अजून उतरलेला नाय. लोक बोलतात, आता झालं ना, माणूस जिता हाय ना, मग कशाला तोंड चालवतेस. चालवणार. तेवढंच माझ्या हातात हाय. मी आठवीपर्यंत शिकले, पुढची शाळा लांब होती म्हणून सोडली, त्यामुळं माझं लिहिणं बोलल्यासारखंच हाय, कुठं थांबायचं ते मला कळत नाय. पण जे झालं ते सगळं मला लक्षात हाय.

माझं माहेर सिद्धगडाच्या पायथ्याला, आठ घरांची वाडी. सासर धसईच्या अलीकडं. आमचे हे बोटीवर हायत. तेलाची मोठी बोट, टँकर बोलतात. हे खाली इंजिनात असतात, मशिनी पुसायच्या, सांडलेलं तेल पुसायचं, साहेबानं मागितला तो पाना हातात द्यायचा. वायपर बोलतात त्या कामाला. आमच्याकडं दर्यावर कोण गेलेलं नाय. इथली माणसं भिवंडीकडं गोडाऊनला जातात, नाय तर भात लावतात, भात निघालं की वाल टाकतात. यांनी कुठंतरी जाहिरात बघितली, कोर्स केला, आणि एका एजंटनं बोट मिळवून दिली. पोरगी तेव्हा रांगत होती.

जाताना यांनी माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. त्यात सगळा समुद्र आणि समुद्रात बोटींचे छोटे छोटे बाण, हिरवे, निळे, लाल. लाल म्हणजे तेलवाले. बोटीचा नंबर टाकला की आपला बाण दिसतो.

"हा मी," हे बोलले. "हा जिकडं, मी तिकडं. फोन नाय लागला तर घाबरायचं नाय, हा बघायचा."

मी घाबरट हाय ते यांना माहीत. लग्नाआधी पण होते. पाल पडली तरी माझा श्वास वर जातो.

मग ते माझं रोजचं कामच झालं. घरात रेंज येत नाय, शाळेच्या मागच्या टेकाडावर येते. सकाळी पोरीला काखेत मारायची, टेकाडावर जायचं, बाण बघायचा, खाली येऊन आयला सांगायचं. आय म्हणजे माझी सासू. ती चूल फुंकत असायची, माझ्याकडं न बघताच विचारायची, "आज कुठं चरतोय गो?" मी बोलायची, कालच्यापेक्षा बोटभर डावीकडं. मग ती चहा घ्यायची. बाण दिसल्याशिवाय तिनं कधी चहा घेतला नाय. खोल समुद्रात गेला की बाण दोन दोन दिवस एका जागी गोठायचा, किनारा जवळ आला की परत चालायचा. ते यांनी आधीच सांगितलेलं, तेव्हा आमी त्याला भ्यायलो नाय.

शेजारची काकू वालाच्या शेंगा सोलता सोलता मला चिडवायची. "नवऱ्याला चांगला फोनात डांबलास गो. आमचा धसईच्या बाजारात गेला तरी सांजपर्यंत पत्ता नाय."

"मग तुमी पण काढा त्यांचा नंबर."

"त्याचा नंबर गुत्त्याच्या भिंतीवर लिहिलेला हाय, तिकडंच सापडतो!"

असं हसत खेळत चाललेलं. आणि मग यांचे मेसेज बंद झाले.

आधी एक दिवस, मग आठवडा. बोटीवर नेट नसेल. मग दुसरा आठवडा. बाण मात्र दिसत होता, म्हणून मी गप्प. पण बाण वेगळंच करायला लागला. बाणाच्या मागं त्याच्या वाटेची रेघ उमटते, ती रेघ गोल झाली. एक गोल, त्याच्यावर दुसरा गोल, त्याच्यावर तिसरा. किनाऱ्यापासून जरा लांब, मोकळ्या पाण्यात बोट गोल गोल फिरत होती. मला वाटलं मोठ्या बोटी असं करत असतील, आपल्याला काय कळतंय. तरी राहवलं नाय म्हणून फोन खाली आणला, त्याच्यावर ती रेघ तशीच राहिलेली, आणि आयला दाखवला.

आयनं फोन लांब धरला, मग जवळ धरला. तिला वाचता येत नाय. ती बोलली, "ही रेघ कोणी काढली?"

"कोणी नाय काढली, बोट चालते तशी पडते."

"खोटं बोलतेस."

"आय, मी कशाला खोटं बोलू?"

"शेळी दाव्याला बांधली तरी ती अशी नाय फिरत. मधी पाला दिसला की आत येते, माशी बसली की उडी मारते, दावं कधी ताणतं, कधी ढिलं पडतं. ही बांगडी हाय गो. चालत्या वस्तूची वाट अशी नसते." आणि तिनं फोन माझ्या हातात दिला तो जळतं लाकूड द्यावं तसा. "तो तिकडं नाय."

मला तिचा राग आला. खरंच. आईच्या तोंडून असलं निघावं. मी पोरीला उचललं आणि परत टेकाडावर गेले आणि एजंटला फोन लावला. धापा टाकतच बोलले, बोट गोल फिरते, यांचा मेसेज नाय, काय झालंय सांगा.

तो बोलला, "वहिनी, बोट अँकरला आहे. नांगर टाकला की लाटेनं फिरते. नॉर्मल आहे. टेन्शन नका घेऊ."

मी फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. नांगर म्हटल्यावर मला शेतातलाच आठवला, पण बांधलेली वस्तू फिरणार हे पटलं. मग परत ॲप उघडलं आणि बाणावर बोट दाबलं. खाली स्पीड लिहिलेला असतो. बारा. मी परत फोन लावला.

"नांगर टाकलेल्या बोटीचा स्पीड बारा कसा?"

तो बोलला, "तुम्ही जास्त डोकं लावू नका. बायकामाणसांनी ॲप बघत बसलं की असंच होतं." आणि ठेवला. त्यानंतर माझा फोन त्यानं उचलला नाय.

दुसऱ्या दिवशी मी मुरबाडला गेले. एस्टी स्टँडजवळ एक काका फॉर्म भरायचं, झेरॉक्सचं दुकान चालवतात. ते पूर्वी नेव्हीत होते, वायरलेसवर. सगळे त्यांना नेव्हीवाले काका बोलतात. दुकानात जहाजाचा फोटो लावलाय, म्हणून मला ते माहीत. दुकानात गर्दी होती, मी पोरीला घेऊन कोपऱ्यात उभी, पोरगी लोकांचे पासपोर्ट फोटो खाली पाडते, मी उचलते. गर्दी कमी झाल्यावर मी फोन पुढं केला. काकांनी चष्मा लावला, बघितलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. ते मला दिसलं.

"बस," ते बोलले.

"बसत नाय. सांगा."

"हे बघ मुली, हा बाण कोणी वरून बघून काढत नाही. जहाजावर एक पेटी असते, ती पेटी स्वतःच रेडिओवर ओरडत असते, मी अमुक जहाज, मी इथं आहे. ॲप फक्त ते ऐकून दाखवतं. आता पेटीला जर खोटं शिकवलं, की ओरड, मी तिकडं आहे, तर ॲप तेच दाखवणार."

"म्हणजे बोट खोटं बोलते?"

"बोट नाही, कॅप्टन. किंवा त्याचा मालक. ज्या देशाचं तेल घ्यायला बंदी आहे तिथं जायचं असलं की असं करतात. कागदावर इथं गोल फिरतोय, आणि खरा तिकडं तेल भरतोय."

मी स्टुलावर बसलेच. आय चुलीपुढं बसून जे बोलली तेच हे नेव्हीत तीस वर्षं काढलेले काका बोलत होते.

"मग खरा कुठं हाय?"

"ते मला कसं कळणार?"

"कोणालाच नाय कळत?"

काकांना राहवलं नसेल, जुनं काम आठवलं असेल, ते समजवायला लागले. बोलले, जहाज त्या पेटीवर खोटं बोलेल, पण गप्प नाय बसू शकत. त्याला रडार चालू ठेवावं लागतं, नाय तर दुसऱ्या जहाजावर आपटेल. रेडिओवर बोलावं लागतं. आणि वर आकाशात सैन्याचे उपग्रह फिरतात, आपले पण हायत, दुसऱ्या देशांचे पण हायत, त्यांचं कामच ते, समुद्रावरच्या जहाजांचे रडार आणि रेडिओ ऐकायचे. दोन तीन उपग्रह थोडं थोडं अंतर ठेवून एकत्र उडतात. एकाच रडारची हाक एकाला आधी पोचते, दुसऱ्याला जराशी मागनं, त्या फरकावरून ते जागा काढतात.

ते कागदावर चित्र काढायला लागले. मी बोलले, "कळलं, काढू नका."

"काय कळलं?"

मला ते शाळेत न जाता येतं. आमच्या वाडीत गाय रानात राहिली की असंच शोधतात. गायीच्या गळ्यात लाकडाची घंटा असते, ठक ठक वाजते. एकट्यानं ऐकलं तर सिद्धगडाचा कडा फसवतो, आवाज कड्यावर आपटून उलटा येतो आणि माणूस भलत्याच ओहोळात उतरतो. म्हणून बाप डोंगराच्या एका धारेवर उभा राहायचा, मी दुसऱ्या धारेवर. घंटा वाजली की दोघांनी हात लांब करून आवाजाकडं धरायचा. माझा हात आणि बापाचा हात जिथं मिळतील तिथं गाय. मी सहा सात वर्षांची असल्यापासून हात धरत आले. आणि प्रत्येक घरच्या गायीची घंटा वेगळी वाजते, लाकूड वेगळं, कोणाची जाड, कोणाची चिरलेली, कोणाची गाय ते न बघता कळतं.

काका माझ्याकडं बघतच राहिले. "बरोबर," ते बोलले, "जवळजवळ तेच. रडारचं पण तसंच असतं, प्रत्येकाचा आवाज थोडा वेगळा."

"मग लावा फोन."

"कोणाला?"

"उपग्रहवाल्यांना. तुमच्या ओळखीचे असतील ना नेव्हीत. विचारा, ही बोट कुठं हाय. मला बाकी काय नको."

ते हसले. मग हसू पुसलं. "असं सांगत नाहीत ते."

"का?"

"गुपित असतं. त्यांचे कान किती तीक्ष्ण आहेत हेच गुपित असतं. आज तुला सांगितलं तर उद्या चोराला पण कळेल की कुठपर्यंत ऐकू जातं, मग तो सावध होईल."

"मी काय चोर हाय?"

"तू नाहीस. तुझा नवरा ज्या जहाजावर आहे ते जहाज चोर असेल."

तेव्हा मला असा राग आला की मला काकांचं टेबल उलटं करावंसं वाटलं. आमच्याकडं एक रीत हाय, ती कोणी लिहून ठेवलेली नाय पण मोडत कोणी नाय. दुसऱ्याच्या गायीची घंटा तुमी रानात ऐकलीत तर त्याला सांगायचं. भांडण असू दे, बांधावरून कोर्टात गेलेले असा, तरी सांगायचं. माझ्या बापानं ज्याच्याशी जन्मात बोलणं नाय त्याच्या दारासमोर उभं राहून, त्याच्याकडं न बघता, तुळशीकडं बघून सांगितलेलं, की कोणाची तरी तांबडी गाय खालच्या ओहोळात हाय. आणि ही शिकलेली माणसं, आकाशात यंत्रं सोडलेली माणसं, एका बाईचा नवरा ऐकतात आणि गप्प बसतात.

मी पोरीला उचलून निघाले. काकांनी मागनं हाक मारली. "मुली, एक ऐकून जा. मला हे तुला सांगायचं नव्हतं. उद्या जहाजाला खरंच काही झालं, आग लागली, पाणी शिरलं, तर वाचवायला येणारे त्या खोट्या जागेवर जातील. बोटीच्या पेटीनं शेवटचं जिथं सांगितलं तिथं."

म्हणजे त्या बांगडीत.

"मग मी काय करू?"

"सरकारच्या जहाजांच्या ऑफिसला लिहून दे, की जहाज खोटी जागा सांगतंय आणि माझा नवरा त्याच्यावर आहे. मी लिहून देतो. पण विचार करून ये. जहाज पकडलं गेलं तर खलाशांना पण धरतात. कधी महिने जातात, कधी जेल होते. त्याचं पुस्तक जाईल." पुस्तक म्हणजे खलाशाचं, ते नसलं की कुठली बोट घेत नाय.

एस्टीत बसून मी येताना सगळी वाट रडले. लिहून दिलं तर मी माझ्या हातानं त्यांना जेलात घालणार. नाय दिलं आणि बोट बुडाली तर त्यांना शोधायला कोण जाणार नाय, आणि ते पण माझ्याच हातानं. पोरगी माझ्या तोंडावरचं पाणी बोटानं पुसते आणि चाटते, तिला ते खारट आवडलं.

घरी मोठे दीर आलेले. ते भिवंडीकडं गोडाऊनला हायत, दर शनिवारी येतात. मी सांगितलं तसे ते उभेच राहिले.

"वेड लागलंय का तुला? कंप्लेंट करतेस? ब्लॅकलिस्ट होईल तो. एजंट सोडणार नाय. एवढ्या मुश्किलीनं लागलाय."

"आणि बुडाले तर?"

"बोटी अशा बुडत नायत."

"तुमी किती बोटी बघितल्यात?"

"तू किती बघितल्यास? फोनमधली एक बघितलीस, तिच्यावर एवढं डोकं!"

"भाऊजी, ती एकच माझी हाय."

"त्याला जेल झाली ना तर पोरीला काय सांगशील? आईनं घातला?"

एस्टीत मी हेच स्वतःला विचारत आलेले. आय कोपऱ्यात बसून वाल निवडत होती. ती सूप बाजूला न ठेवता बोलली, "जेल कुठं हाय ते माहीत असतं."

"काय आय?"

"जेलात असला तर भाकर घेऊन जाता येतं. आता कुठं नेऊ?"

दीर रागानं बाहेर गेले. सोमवारी आमी दोघी मुरबाडला गेलो. काकांनी टाईप केलं, मी सही केली, आय हट्टानं बोलली माझा पण अंगठा घे, आईचा. काका बोलले ऑनलाईन जातं, अंगठा लागत नाही. ती बोलली, नाय लागला तरी घे. मग त्यांनी प्रिंट काढून अंगठा घेतला, त्याचा फोटो काढून तो पण पाठवला. सही करताना माझंच आडनाव मला नीट लिहिता आलं नाय.

उत्तर आलं, दोन ओळींचं. आपली तक्रार प्राप्त झाली आहे. योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवली आहे. बस. मी ते वीस वेळा तरी वाचलं, पुढे म्हणजे कुठं ते त्याच्यात नव्हतं.

आणि एजंटचा फोन मात्र लगेच आला. जो माझा फोन उचलत नव्हता त्यानं स्वतः लावला. आता वहिनी नाय, आता बाई. "बाई, तुम्ही काय केलंत कळतंय का? तुमच्या नवऱ्याला आता कोणी घेणार नाही. कंप्लेंट मागे घ्या." म्हणजे आमच्या कागदाला उत्तर द्यायला कोणाला वेळ नव्हता, पण तो कागद एजंटला दाखवायला होता. मी बोलले, "बोट कुठं हाय ते सांगा, आत्ता मागं घेते." तो बोलला, "मला माहीत नाही." मी विचारलं, "मग तुमाला माहीत काय हाय?" आणि पहिल्यांदा मी फोन ठेवला, त्यानं नाय.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. वाल काढायचे होते, काढले. पोरीला ताप आला, उतरला. बाण गोल फिरत होता आणि मी तो बघायचं सोडलं. आय विचारायची बंद झाली, पण चहा पण बंद झाला. दोघी एका घरात राहून एकमेकीच्या तोंडाकडं बघत नव्हतो.

एका दुपारी टेकाडावर गेले तर दिरांनी फोनवर एक व्हिडिओ पाठवलेला, आणि खाली लिहिलेलं, ही बघ तीच का. कुठल्यातरी मोठ्या देशाच्या नेव्हीनं एक टँकर पकडलेला. वरून हेलिकॉप्टर, दोरीवरून शिपाई उतरतात. बोटीच्या पाठीवर भलतंच नाव, यांच्या बोटीचं नाय. मी बोलणार होते ही नाय. मग डेकवर बसवलेली माणसं दिसली, हात डोक्यावर, तोंडं नीट दिसत नव्हती. सगळे गुडघे टेकून नाय तर मांडी घालून. एकच माणूस उकिडवा, पाठ ताठ, शेताच्या बांधावर भाकरीची वाट बघत बसतात तसा. असं बसायला आमच्याकडच्याच माणसाला जमतं. मी टेकाडावरून ओरडतच खाली आले. आय, हायत, जिते हायत. आय उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

व्हिडिओत मागं एक साहेब इंग्लिशमध्ये बोलत होता, मेडल लावलेला. मला कळलं नाय, म्हणून दुसऱ्या दिवशी मी काकांकडं गेले, बोलले, मला हा काय बोलतो ते सांगा, एक शब्द सोडू नका. काकांनी ऐकलं. परत ऐकलं. मग हळू सांगितलं.

"तो बोलतोय, या जहाजानं नाव बदललं, जागा खोटी सांगितली, पण आमच्या उपग्रहांनी त्याचं रडार ओळखलेलं. बंदरातून निघाल्यापासून आम्ही त्याला ऐकत होतो. एक दिवस पण ते आमच्या नजरेतून सुटलं नाही."

"निघाल्यापासून?"

"हो."

"म्हणजे आमी टेकाडावर बांगडी बघत होतो तेव्हा?"

"हो."

"आय चहा घेत नव्हती तेव्हा त्यांना माहीत होतं?"

मी त्यांच्या दुकानात, चार गिऱ्हाइकं उभी असताना, मोठ्यानं ओरडले. "तेलासाठी ऐकलं ना? तेल कुठं जातं ते ऐकलं. त्याच्यात माणसं हायत ती कोणी ऐकली? आणि वर टीव्हीवर सांगतात, छाती फुगवून! आता नाय का गुपित? बोट पकडली तेव्हा गुपित संपलं, मी विचारलं तेव्हा होतं?"

"मुली, तुझ्या तक्रारीमुळं पकडलं नाही, एवढं तरी समाधान ठेव. ते आधीपासूनच मागावर होते."

"मला ते समाधान नको. तुमी पण तीस वर्षं वायरलेस कानाला लावून बसलात ना? किती बोटी ऐकल्यात? कोणाच्या घरी सांगितलंत कधी?"

"नाही," काका बोलले.

"एकाच्या पण?"

"नाही. आमच्या ते डोक्यातच आलं नाही, की त्या आवाजाला घर असतं."

खोटं बोलले असते तर मी त्यांचं तोंड परत बघितलं नसतं. त्यांनी खरं सांगितलं म्हणून मी अजून त्यांच्याकडं जाते, कागद तेच करून देतात. पण त्या दिवशी मी त्यांच्याकडचं पाणी प्यायले नाय.

मग चार दिवसांनी फोन आला, लांबचा नंबर. टेकाडावरच होते मी. यांचा आवाज. दोन मिनिटं दिलेली, मागं कोणीतरी घड्याळ बघत असणार, कारण हे धावल्यासारखे बोलत होते. ठीक हाय, मार नाय, जेवण देतात, बोट बंदरात उभी करून ठेवलीय, आमाला बोटीवरच ठेवलंय, कागद चाललेत. दुसरं नाव बोटीवर ज्यांनी रंगवलं त्यांची जास्त चौकशी चाललीय.

"कोणी रंगवलं?"

"मी," हे बोलले. "मी आणि एक बिहारचा पोरगा. दोरीवर लटकून. साहेबानं सांगितलं, नाय कसं बोलणार? पेटीचं आमाला काय माहीत नव्हतं, फोन पण काढून घेतलेले."

मग यांनी विचारलं, "कॅप्टन सगळ्यांना विचारतोय, कोणाच्या घरून कंप्लेंट गेली. त्याला कंपनीनं सांगितलंय. बोलतो, त्याच्यामुळंच धरले गेलो, तो सापडला ना तर बघतो. तू केलीस?"

ॲप टाकून देताना घाबरू नको सांगणारा माणूस, आणि आता तोच घाबरलेला, ते मला आवाजात कळलं. मला वाटलं नाय बोलावं. कोण बघणार होतं. दीर पण बोललेले, विचारलं तर नाय सांग.

"मी केली," मी बोलले. "मी आणि आयनं. आयचा अंगठा हाय त्याच्यावर."

पलीकडं काहीच नाय. मला वाटलं मिनिटं संपली.

"हॅलो?"

"हाय. ऐकतोय."

"कॅप्टनला सांगा. माझ्या घरून गेली सांगा. माझ्या बायकोनं विचारलं, मी कुठं हाय ते. त्याच्यासाठी गेली, सांगा. त्याला विचारा, तुझ्या घरी कोणी विचारणारं नाय का."

"तुला भ्या नाय वाटत?"

"वाटतंय. म्हणून तर इथं दगडावर बसूनच बोलते. तरी सांगा. आणि चौकशीवाल्याला पण सांगा, नाव मी रंगवलं, कोणी रंगवायला लावलं ते पण सांगा. त्या बिहारच्या पोराला पण सांगायला लावा. गप्प बसू नका. गप्प बसणारे खूप हायत."

"पुस्तक जाईल गो."

"जाऊ दे."

यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला, एवढ्या लांबून. मग मागनं कोणीतरी काहीतरी बोललं आणि हे घाईत बोलले, "सांगतो," आणि फोन कट झाला.